घोडेस्वाराचे गुडघे

विकायच्या घराला रंग देणं आणि राहायच्या घराला रंग देणं ही दोन वेगळी कामं आहेत, असं घोडेस्वार नेहमी म्हणायचा. राहायच्या घरात माणसं भांडून भांडून रंग निवडतात. विकायच्या घरात भांडण नाही. सगळीकडे एकच सायीसारखा पांढरा, खिळ्यांची भोकं बुजवायची, तसबिरींमागचे चौकोन झाकायचे, दारामागे कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलेले फोन नंबर घासून काढायचे. "इथे कुणी राहिलंच नव्हतं असं दिसलं पाहिजे," नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्या स्वतःच तसबिरीमागच्या एका चौकोनावरून हात फिरवत राहिल्या.

बाई एकतीस वर्षं इस्पितळात नोकरी करून निवृत्त झालेल्या. घर विकून धाकट्या बहिणीकडे राहायला जायचं ठरलं होतं. घर घेणारं जोडपं रविवारी सकाळी दहाला दुसऱ्यांदा बघायला येणार होतं. पहिल्यांदा आलं तेव्हा त्यातल्या बायकोने जिन्यात मान वर केली, छतावरचा पिवळा डाग पाहिला, आणि पुढे एकही खोली मनापासून पाहिली नाही. गच्चीवरची टाकी गळत होती ती बाईंनी दुरुस्त करून घेतली. डाग मात्र होता तिथेच राहिला.

"बाकी थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल, पेंटर," बाई म्हणाल्या, "पण तेवढा डाग गेला पाहिजे."

तळमजल्यापासून मोजलं तर तो डाग वीस फुटांवर होता. घोडेस्वार मान वर करून म्हणाला, "होऊन जाईल की, त्यात काय!" आणि जिन्याकडे जी पाठ फिरवली, ती सोमवारपासून गुरुवारपर्यंत तशीच ठेवली.

आता घोडेस्वार हे नाव कसं पडलं ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही, आणि भीतीही. रंगारी लोक दोन बाजूंना फाकणाऱ्या, मध्ये दोरी बांधलेल्या लाकडी शिडीला घोडा म्हणतात. साधा माणूस घोड्यावरून उतरतो, घोडा दोन हात पुढे सरकवतो, पुन्हा चढतो. हा उतरायचाच नाही. वरच्या पायरीवर दोन्हीकडे पाय टाकून बसायचा आणि कंबरेला एक झटका देऊन घोडा चालवायचा. टक, टक, टक. एका हातात ब्रश, आकड्याला डबा, तोंडात शीळ. एकदा पैज लावून त्याने एका सभागृहाच्या चारही भिंती जमिनीला पाय न लावता रंगवल्या होत्या. त्याच सभागृहात फरशी पुसायला आलेली मुलगी तोंडाचा आ करून बघत राहिली. पुढे तिच्याशीच त्याचं लग्न झालं. तेव्हा हे नाव नुसतं कौतुकाचं नव्हतं, त्याच्या संसाराचा पायाच त्या घोड्यावर होता.

आणि दोन वर्षांपूर्वी हे सगळं एका क्षणात गेलं. पडला वगैरे नाही हो! पडला असता तर सांगायला तरी काही झालं असतं. एका शाळेत काम चालू होतं. वरच्या पायरीवर असताना त्याच्या हातून ब्रश निसटला. त्याने सहज खाली पाहिलं. ब्रश पडत होता, पडतच होता, आणि मग फरशीवर आपटला. एवढंच. पण घोडेस्वाराच्या पायांतलं बळ त्या ब्रशाबरोबर खाली गेलं. पाचावर धारण बसली. शिडीला मिठी मारून तो पाऊण तास तसाच बसला, कुणी विचारलं तर वरचा कोपरा तपासतोय असं सांगत.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पायरीवर गेला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी त्याने घरी जाहीर केलं, "गुडघे गेले."

झाकली मूठ सव्वा लाखाची! गुडघ्यांना कोण हसतं? पन्नाशी उलटलेल्या रंगाऱ्याचे गुडघे जायचेच. बायको बिचारी रोज संध्याकाळी तेलाची वाटी कोमट करून आणायची आणि त्याच्या दोन्ही गुडघ्यांना अर्धा अर्धा तास चोळायची. गुडघे ठणठणीत. पण ती जरा जोर लावायची तेव्हा कण्हायला हवं, म्हणून हा कण्हायचा. कधी चुकून जास्त दुखणाऱ्या उजव्याऐवजी डाव्याला कण्हायचा. "आता हा जास्त धरला का?" म्हणून ती काळजीने आणखी जोरात चोळायची.

हसण्यासारखंच आहे, पण त्याच सुमारास त्याची मुलगी जिथे नोकरी करत होती ते झेरॉक्सचं दुकान बंद पडलं. मुलीला घरात सगळे छोटी म्हणतात. वय सव्वीस, उंची बापापेक्षा चार बोटं जास्त, तरी छोटीच. ती म्हणाली, "बाबा, तुमचे गुडघे सुधारेपर्यंत मी येते. वरचं मी करते, खालचं तुम्ही करा."

त्या वेळी तो "नको" म्हणाला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. तो "बरं" म्हणाला.

तेव्हापासून दोन वर्षं छोटी वर आणि घोडेस्वार खाली. तो दोन्ही हातांनी शिडी धरून उभा राहायचा, आणि आता त्याची भीती दुहेरी झाली. एक स्वतः वर जायची, दुसरी पोरगी वर आहे याची. दुसरी पहिलीपेक्षा वाईट होती. ती चौथ्या पायरीच्या वर गेली की शिडी त्याच्या हातांत थरथरू लागायची आणि आकड्याला टांगलेल्या डब्याची कडी किणकिण वाजायची. त्याला वाटायचं, हे आपलेच हात कापतायत. एक दिवस आपल्या या हातांमुळेच पोर खाली येणार. म्हणून तो आणखी घट्ट धरायचा, तरी कडी वाजायचीच. घरी जेवताना चमचा वाटीवर आपटला तरी तो दचकून वर बघायचा.

तर त्या आठवड्यात घोडेस्वाराने काय केलं? जिना टाळला. आधी बाहेरची खोली, मग आतल्या दोन, मग दारं, मग खिडक्यांचे गज. स्वयंपाकघरातल्या फळ्यांची मागची बाजूसुद्धा रंगवली, जी जगात कुणी बघत नाही. शुक्रवारी टाळण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्याने धंद्यात कुणी करत नाही असं एक काम केलं. जिन्याची भिंत खालून रंगवायला घेतली.

रंग वरून खाली आणायचा, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. वरचे थेंब खाली पडणारच. छोटी चुना लागलेले हात पुसत आली आणि बघतच राहिली.

"बाबा, खालून?"

"बाईंना आधी खालचं बघायचं होतं."

"मी कुठे म्हणाले तसं?" आतून बाईंचा आवाज आला.

"आणि भिंत ओली आहे, आज इथे फळी-घोडा काही लावता येणार नाही," घोडेस्वार घाईने म्हणाला. "उद्या बघू."

छोटीने त्याच्याकडे पाहिलं. ती नुसती "बरं" म्हणाली, आणि तिचं ते "बरं" जरा जास्तच लवकर आलं, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. त्याला स्वतःच्या भीतीपलीकडे काही दिसतच नव्हतं.

शनिवार उजाडला. जिना मध्यावर वळत होता. त्या वळणाच्या चौकोनावर घोड्याचे चारही पाय टेकवले, फळीचं एक टोक घोड्यावर, दुसरं वरच्या मजल्याच्या विटांच्या जाळीदार कठड्यावर. दोन्ही टोकं घोडेस्वाराने स्वतः दोरीने बांधली, गाठी तीनदा ओढून पाहिल्या. फळीखाली एका बाजूला तेरा फूट नुसती हवा होती. त्याने गाठ चौथ्यांदा ओढली.

"छोटे," तो म्हणाला, "आज नको वाटत असेल तर..."

"आज नाही तर कधी? उद्या दहाला लोक येणार." तिचा चेहरा भिंतीसारखाच पांढरा होता. ते भिंत घासल्याची धूळ आहे असं तो धरून चालला.

ती चढली. फळीवर गेली, डबा आकड्याला अडकवला, हात उंच करून डागावर पहिला पट्टा ओढला. दुसरा ओढला. खाली घोडेस्वार शिडी धरून, जीव मुठीत घेऊन उभा. कडी वाजत होती. अर्धा डाग झाकला गेला. मग पट्टे थांबले. कडी थांबली नाही.

"छोटे?"

त्याने वर पाहिलं. ती फळीच्या मधोमध खाली बसली होती, दोन्ही हातांनी फळीच्या कडा आवळून, डोळे मिटून.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "मला हलता येत नाहीये."

घोडेस्वाराचं धाबं दणाणलं. शिडी सोडली तर ती पडेल, आणि नाही सोडली तर तिला आणणार कोण? तो आयुष्यात कधी ओरडला नसेल एवढ्या जोरात ओरडला. "बाई! बाई, इकडे या!"

नर्सबाई चष्मा सावरत धावत आल्या. एका नजरेत त्यांना सगळं कळलं. काही न विचारता त्यांनी शिडीचे दोन्ही खांब धरले. एकतीस वर्षं सुया टोचणारे हात ते, दगडासारखे स्थिर.

घोडेस्वाराने हात काढून घेतले. आणि तो जागच्या जागी थबकला. कडी वाजतच होती. शिडीला त्याचं बोटही लागलेलं नव्हतं, आणि तरी ती किणकिण चालूच होती.

म्हणजे दोन वर्षं कापत होती ती पोरगी.

जिन्याच्या उरलेल्या पायऱ्या तो कसा चढला ते त्याला पुढे कधी आठवलं नाही. कठड्यावर पोट टाकलं, पाय दोन्हीकडे सोडून फळीवर बसला. घोड्यावर बसायचा तसाच, फक्त शीळ नव्हती. खाली पाहिलं नाही असं नाही. पाहिलं. तेरा फूट खाली कालच त्याने रंगवलेली भिंत होती, आणि तिच्यावर वरून पडलेले थेंब. कानांत घूं घूं आवाज भरला. तो वीतभर पुढे सरकला.

छोटीने डोळे उघडले आणि किंचाळली, "तुम्ही नका येऊ! बाबा, तुमचे गुडघे..."

हे ऐकलं आणि घोडेस्वाराला रडूच फुटलं. जीव टांगणीला लागलेला असताना पोर त्याच्या गुडघ्यांची काळजी करत होती.

"माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही."

"काय?"

"ठणठणीत आहेत. मला उंचावर भीती वाटते. दोन वर्षं झाली. तिसऱ्या पायरीच्या वर माझा पाय जात नाही. मी खोटं बोललो."

छोटी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या पांढऱ्या चेहऱ्यावर हळूहळू रंग चढला, आणि तो लाल होता.

"आई रोज तेल लावते!"

"हो."

"तुम्ही कण्हता!"

"हो. इकडे सरक."

"मी दोन वर्षं..." रागाने ती थरथरली, पण त्या रागात तिचे हात फळीवरून सुटले होते.

"सरक, छोटे. इथे येऊन मग काय शिव्या द्यायच्या त्या दे. माझा हात धर. मीही घाबरलोय, लवकर धर."

तिने हात धरला. वीत वीत करत दोघं मागे सरकले, हा उलटा, ती सुलटी. कठड्यावरून दोघं वरच्या मजल्याच्या फरशीवर उतरले नाहीत, अक्षरशः सांडले. भिंतीला टेकून बसले आणि कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहिले.

"पेंटर," खालून नर्सबाईंचा आवाज आला, "आता सोडू का हा घोडा? हात भरून आले माझे."

उरलेला अर्धा डाग त्यांनी लांब बांबूला रोलर बांधून वरच्या मजल्यावरूनच झाकला. कडेची रेघ जरा वाकडी गेली. बाईंनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "डाग गेला ना? मग झालं." छोटी दिवसभर बापाशी एक शब्द बोलली नाही. वर-खाली करताना त्याच्या अंगावरून जायची, पण भिंतीवरून नजर काढायची नाही. त्या अबोल्याला घोडेस्वार फळीपेक्षा जास्त भ्याला.

दुपार टळल्यावर ब्रश धुताना ती एकदम म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून भीती वाटत होती. तुमचे गुडघे गेले, आता मी नाही म्हणाले तर घर कसं चालणार, म्हणून चढत राहिले." नळाचं पाणी पांढरं वाहत होतं. "ती कडी वाजायची ना, तेव्हा वाटायचं, खाली तुम्हाला ऐकू जाणार. तुम्हाला कळणार की मी कापतेय."

"मला वाटायचं, तुला कळेल की मी कापतोय."

तिने ब्रश झटकला. "तुमची तिसरी पायरी ना?"

"तिसरी."

"माझी चौथी."

"मग पाचवीचं काम आपण घ्यायचं नाही," घोडेस्वार म्हणाला. एवढं साधं वाक्य बोलायला त्याला दोन वर्षं लागली होती.

घोडा आडवा करून बाहेर न्यायला त्याने मागचं टोक उचललं. संध्याकाळ होत आली होती. घरी वाटी कोमट होत असणार, हे आठवलं आणि त्याने टोक पुन्हा खाली ठेवलं.

"छोटे," तो म्हणाला, "तुझ्या आईला आता..."

"तुम्ही सांगायचं." छोटीने पुढचं टोक खांद्यावर घेतलं. मागे वळून न बघता म्हणाली, "मी खाली शिडी धरून उभी राहते."