अडकलेल्या काचा

गाडीचं दार खोललं की आतून एक तरी स्क्रू जास्तीचा निघतो आणि एक किस्सा. स्क्रू आम्ही डब्यात टाकतो. किस्सा टाकायला जागा नाही, म्हणून सांगत बसतो.

बिबवेवाडीत रफीकभाईंचं गॅरेज आहे. मी तिथं बारा वर्षं वायरिंग बघतो. पॉवर विंडो बिघडली की ती गाडी माझ्याकडे.

एकदा एक रिटायर्ड मुख्याध्यापक आले. मागच्या दोन्ही काचा महिनाभर बंद. रफीकभाईंनी ड्रायव्हरच्या दारावरचं काचा लॉक करायचं बटण दाबलं, काचा चालू. सर जरा खट्टू झाले. म्हणाले, "मग तुम्ही दुरुस्त काय केलंत?"

"तुमचा गैरसमज," रफीकभाई म्हणाले.

मांजरी गावाहून एक आयटीवाले साहेब बायकोबरोबर आले होते. काच निम्म्यात अडकायची. दार खोललं तर आत शेंगदाण्याची टरफलं, एक कंगवा आणि घडी घातलेली चिठ्ठी. मी भोळेपणाने ती मॅडमच्या हातात दिली. ती मंडईची यादी होती, गेल्या दिवाळीची. साहेब तेव्हा रिकाम्या हाताने घरी गेले होते आणि 'तू यादी दिलीच नाहीस' म्हणून भांडलेही होते. मॅडमनी चिठ्ठी शांतपणे वाचली, घडी घातली आणि साहेबांच्या खिशात ठेवली. "जाताना घेऊन जाऊ," म्हणाल्या.

चूक माझीही झालीय. एका आजींच्या गाडीत मी वायरी उलट्या जोडल्या. बटण वर केलं की काच खाली. आठवड्याने त्या परत आल्या, तेव्हा मी माफी मागायच्या तयारीतच होतो. तर म्हणाल्या, "बाकीच्या तिन्ही अशाच करून द्या. आता सवय झालीय."

आणि खुद्द रफीकभाईंच्या गाडीची काच? सहा वर्षं लाकडाची पाचर लावून उभी आहे. कोणी विचारलं की सांगतात, "काय करणार, चांगला माणूस मिळत नाही." मी शेजारीच उभा असतो.

आमच्या गॅरेजमागे मंगल कार्यालय आहे. एका दुपारी मुलीचे वडील स्वतः बोलवायला आले. झालं होतं असं, की नवरी गाडीत बसली, नवरा फोटोसाठी दाराबाहेर थांबला, दोघांच्या शेल्या-उपरण्याची गाठ खिडकीतून आरपार. ड्रायव्हरने एसी लावला आणि काच वर केली. गाठ काचेत अडकली आणि तिथेच मोटर जळाली.

गुरुजी म्हणाले, गाठ सोडायची नाही. नवऱ्याचे काका म्हणाले, उपरणं कापा. नवरा फेटा सांभाळत वाकून उभा. नवरी सकाळपासून रडत होती, ती आता त्याच्याकडे बघून हसायला लागली. वरपक्षाची सगळी मंडळी घड्याळ बघत होती. फक्त तिचे वडील निवांत. त्यांनी आम्हाला चहा आणून दिला, लेकीला पाणी दिलं, खिडकीशी उभे राहून तिच्याशी कायकाय बोलत राहिले.

अर्ध्या तासाने रफीकभाईंनी दोन्ही तळव्यांनी काच खाली ओढली. गाठ न सुटता काचेतून मोकळी झाली, नवरा आत बसला, ड्रायव्हरने गाडी चालू केली.

वडील रफीकभाईंच्या जवळ आले आणि हळूच म्हणाले, "परत वर करता येईल का? पाचच मिनिटं."