रूथबाईंचं डब्याचं दूध

रूथबाई डब्यातली दुधाची पावडर चमच्यात घेत आणि सुरीच्या पाठीने ती सपाट करत. तेवढा वेळ घरात कुणी शिंकलेलंही त्यांना खपत नसे. "दवाखान्यात असंच शिकवलंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यापुढे आमच्या पारनेरात कुणाचं काही चालत नसे. नगरच्या दवाखान्यात शिकलेल्या या ख्रिस्ती नर्सबाई घरोघर बाळंतिणी बघत फिरायच्या.

माझी कुसुम झाली तेव्हा लढाई चालू होती. पोर सारखी रडायची. सासूबाई म्हणाल्या, "हिचं दूध लई पातळ हाय, लेकरू उपाशी ऱ्हातंय." रूथबाईंनी मला धड तपासलंसुद्धा नाही. "डबा लावा. सायबांची पोरं याच्यावरच वाढत्यात. अंगावरचं बंद करा." हळूहळू कुसुमचे गाल फुगले. सासूबाई तिला काखेत घेऊन आळीभर मिरवून आल्या. मला मात्र दूध आटावं म्हणून छाती आवळून बांधताना रडू यायचं, आणि ते सांगायची सोय नव्हती.

मग लढाईमुळे डबे मिळेनासे झाले. असलेला डबा पुरवायचा म्हणून सासूबाई निम्माच चमचा घालू लागल्या, वर भाताची पेज. बाटली दिसायला पांढरीच. कुसुम वाळत गेली, मान धरेना. रूथबाई आल्या, बाटलीतलं तळहातावर ओतून चाखलं आणि उरलेलं मोरीत ओतून दिलं.

"सुमन, पोरीला छातीशी लाव."

"आटलेल्या हिरीत पोहरा सोडून काय मिळनार?" सासूबाई करवादल्या.

"न्हाई मिळालं तरी लाव. पुन्ना पुन्ना लाव."

त्या आमच्याकडेच राहिल्या. वाटी-चमच्याने उकळलेलं शेळीचं दूध पाजायच्या आणि लगेच पोर माझ्या अंगाला लावायच्या. कुसुम चोखायची, काही न मिळून किंचाळायची. ती आता हाती लागत नाही, असंच मी धरून चालले होते. एका दुपारी तिच्या ओठांच्या कडेला पांढरं दिसलं. रूथबाईंनी ते बोटावर घेऊन पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"तुमच्यामुळं वाचली," मी म्हणाले.

"माज्यामुळंच मरत हुती. आनि डबा मी काय एकाच घरात सांगितलाय?"

जिथे जिथे डबा सांगितला होता, तिथे तिथे जायला त्या निघाल्या. कुसुम जरा सावरली होती. तिला घेऊन मीही सोबत गेले. पहिलं घर लांब मळ्यातल्या द्वारकेचं. पाळणा वर आढ्याला गुंडाळून ठेवलेला होता. तिचा मुलगा गेल्याचं आम्हाला तिथे कळलं. ती पुन्हा पोटुशी होती. रूथबाई काही बोलणार एवढ्यात तिनेच पुढे होऊन त्यांचे हात धरले.

"बाई, पैल्याला डबा पुरला न्हाई, म्हनून ग्येला त्यो. ह्या बारीला पुरता आना. अंगावरचं थेंबभर बी पाजनार न्हाई मी."