रस्त्यापलीकडची बाग

लंडनला गेलो होतो त्याची गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही. शाळेत सांगितली, गणपतीत सांगितली, जावयांना सांगितली. मोठ्ठं घड्याळ, राणीचा राजवाडा, बाहेर केसाळ टोप्या घातलेले पुतळ्यासारखे शिपाई — जव्हारमध्ये लोकांना ती पाठ आहे. पण तिच्यातला एक तुकडा मी आजवर कुणालाच सांगितलेला नाही. बायकोलाही नाही. सांगायचं राहून गेलं, असं म्हणणं सोपं आहे. राहून गेलं नाही. त्या जागेशी आलो की मी दर वेळी शिताफीनं पुढे सरकलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी कदाचित जमेल.

कासमपासून सुरुवात करायला हवी. कासम माझ्या वर्गातला. त्याचे वडील बाजारात कल्हई लावायचे. शाळा सुटली की आम्ही दोघं शिरपामाळावर जाऊन बसायचो, आणि तो सांगायचा, मी समुद्र बघणार. त्यानं तो बघितला. लग्नाला दोन वर्षं झाली असतील-नसतील, मुंबईला गेला आणि आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला लागला. मग लढाई सुरू झाली. एक दिवस त्याच्या बायकोच्या नावानं कंपनीचं पत्र आलं. इंग्रजीतलं. ते वाचायला हमीदाभाभी माझ्याकडे आली. आमच्या आळीत इंग्रजी मलाच येत होतं.

बोट बुडाली होती, आणि कासम बेपत्ता होता.

"बेपत्ता म्हणजे मेला नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "बेपत्ता म्हणजे सापडला नाही."

तेवढ्या एका शब्दावर ती बाई बारा-तेरा वर्षं जगली. हातातल्या हिरव्या बांगड्या तिनं काढल्या नाहीत. भावाच्या घरात एका कोपऱ्यात शिवणाचं मशीन टाकलं होतं, त्यावर आळीतल्या सगळ्या बायकांचे कपडे शिवायची. भाऊ गफूर पत्र्याच्या पेट्या करायचा. बरा माणूस होता. तो तिच्यामागे लागला होता — दुसरा निका कर, मी किती दिवसांचा, माझ्यामागे तुला कोण? ती म्हणायची, माझा नवरा आहे. कुठे आहे, ते खुदाला ठाऊक.

दरम्यान संस्थान विलीन झालं. मी दरबारच्या जंगल कचेरीत कारकून होतो. बाहेरची पाटी बदलली, माझं टेबल तेच राहिलं. पुढे बदली होऊन मोखाड्याला लाकडाच्या डेपोवर गेलो. विलीनीकरणाला सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा खात्यानं साग वाळवायच्या नव्या भट्ट्या शिकायला माणूस विलायतेला पाठवायचं ठरवलं आणि माझं नाव निघालं. कसं निघालं ते मलाही कळलं नाही. सगळं गाव भेटायला आलं.

हमीदाभाभी सगळ्यात शेवटी आली. गफूर बरोबर होता. मुंबईच्या गोदीतून आलेल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की लंडनमध्ये एक बाग केली आहे, लढाईत बुडालेल्या सगळ्या खलाशांची नावं तिथे पितळेच्या पत्र्यांवर कोरली आहेत, बोटींप्रमाणे लावून.

"रघुभाऊ," ती म्हणाली, "तुम्ही तेवढं बघून या. त्याचं नाव तिथं असलं तर मी इद्दतीला बसते. नवरा मेलेल्या बाईनं बसायचं, तशी चार महिने दहा दिवस बसते. मग हा म्हणेल तिथं निका करते. आणि नाव नसलं, तर मला पुन्हा कुणी विचारायचं नाही." मग गफूरकडे बघून म्हणाली, "कबूल?"

गफूर म्हणाला, "कबूल."

मी कासमचं आणि बोटीचं नाव कागदावर लिहून घेतलं. छातीवर हात ठेवून सांगितलं, भाभी, हे काम आधी, बाकी सगळं नंतर.

आता लंडन. तिथे मी किती एकटा होतो, हे सांगू का नको, विचार करतोय — तुम्हाला वाटेल, हा आता सबब सांगायला लागला. पण ते वगळलं तर पुढचं कळणार नाही. आम्ही चौघं शिकाऊ होतो. एक दिल्लीकडचा साहेब, एक सिलोनचा, एक ब्रह्मदेशातला. तिघंही मोठे हुद्देदार, एकमेकांत हसायचे, एका टेबलावर जेवायचे. मी बाजूच्या टेबलावर उकडलेला बटाटा आणि कोबी खायचो. माझं इंग्रजी वाचायचं होतं, बोलायचं नव्हतं. पाच आठवड्यांत मला "आज थंडी आहे" यापलीकडे कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी खोलीत बसून मी मराठीत मोठ्यानं बोलायचो — नुसतं स्वतःचा आवाज ऐकायला. कधी सागाच्या जाती, कधी मोखाड्यापर्यंतच्या वाटेवरच्या गावांची नावं.

शेवटच्या शनिवारी दुपारी सुट्टी मिळाली. मी त्या बागेचा पत्ता विचारून ठेवला होता. कोट चढवून दारात आलो, तर दिल्लीचे साहेब म्हणाले, "आम्ही मोटार केली आहे, शहर बघायला. एक जागा रिकामी आहे. येता?"

येता? — त्या एका शब्दानं मला काय झालं, कसं सांगू? मी गेलो. आम्ही राजवाडा बघितला, घड्याळ बघितलं, कबुतरांचा चौक बघितला. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सिलोनच्या गृहस्थांनी मला बायको-मुलांबद्दल विचारलं. आणि मग मोटार नदीकाठच्या जुन्या किल्ल्यापाशी थांबली. टॉवर म्हणतात त्याला. आत राण्यांची मुंडकी उडवलेली जागा, मुकुट, भले दांडगे कावळे. सगळं बघून बाहेर आलो आणि मला रस्त्याच्या पलीकडे ती बाग दिसली.

मी पत्ता विचारला होता, म्हणून ओळखली. झाडं, दगडी खांब, आणि आत भिंतींवर पत्रे. एक म्हातारी बाई एका पत्र्यासमोर वाकून उभी होती. मधे एक रस्ता होता, बस्स. खिशात कागद होता. मी एक पाऊल उतरलोही.

मागून हाक आली. साहेब कॅमेरा लावत होते. "अहो, या ना, तुम्ही मध्ये उभे राहा."

मी वळलो. मध्ये उभा राहिलो. हसलो. मग कुणीतरी म्हणालं, आता चहा. मला म्हणता आलं नसतं का — दहा मिनिटं थांबा? म्हणता आलं असतं. पण मग ते विचारणार, कशाला? मी काय सांगणार होतो? आमच्या गावच्या एका कल्हईवाल्याच्या सुनेनं सांगितलंय म्हणून? मला त्या वेळी त्या लोकांसारखं दिसायचं होतं. कासमची लाज वाटली मला. हे मी पहिल्यांदाच लिहितोय, कासमची लाज वाटली.

आणि दुसरा दिवस रविवार होता. पूर्ण मोकळा. बसचा रस्ता ठाऊक होता. त्या तिघांनी काही मला पुन्हा बोलावलं नाही. मी दिवसभर खोलीत बसलो. सामान बांधलं, बुटांना पॉलिश केलं. पुन्हा तिकडे गेलो तर काल गेलो नाही हे स्वतःशी कबूल करावं लागलं असतं — असं काहीतरी डोक्यात असावं. नीट सांगता येत नाही.

घरी आलो त्या दिवशी ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी राजवाडा सांगितला, घड्याळ सांगितलं. भाभी दाराच्या चौकटीशी उभी होती. मी जायला जमलं नाही असं सांगायचं ठरवून आलो होतो, पण बोलता बोलता मी किल्ला सांगून बसलो, आणि गफूर म्हणाला, "ती बाग त्याच्याच जवळ ना? त्या गोदीवाल्यानं सांगितलं होतं."

भाभी चौकटीतून एक पाऊल आत आली.

नाव नव्हतं म्हणालो असतो, तर नीट बघितलं का, सगळे पत्रे वाचले का, असं विचारलं असतं. होतं म्हटलं, की प्रश्न संपतो. हा हिशेब मी एका श्वासात केला.

"होतं," मी म्हणालो. "नाव आहे तिथे."

भाभीनं विचारलं, "कितव्या ओळीत?"

"खालून तिसऱ्या."

"हात लावलात?"

"लावला."

ती मागच्या मागे निघून गेली. त्यानंतर चार महिने दहा दिवस आळीत ते मशीन ऐकू आलं नाही. मी मोखाड्याहून सुट्टीला आलो, की त्या घराकडे न बघता जायचो. पुढे गफूरनं तिचा निका भिवंडीकडच्या एका विधुर विणकराशी लावला. वयानं खूप मोठा माणूस, त्याची चार मुलं. माझ्याकडे पेढे आले. मी खाल्ले.

दोन-तीन वर्षांनी ठाण्याला कचेरीच्या कामाला गेलो असताना एका निवृत्त खलाशाशी गाठ पडली. सहज विचारावं तसं मी त्याला त्या बागेबद्दल विचारलं. तो हसला. म्हणाला, "तिथं आपल्या माणसांची नावं नाहीत, साहेब. तिथं फक्त गोऱ्यांची. मी स्वतः शोधून आलोय."

म्हणजे मी तो रस्ता ओलांडला असता, तर मला नाव सापडलं नसतं. मी परत येऊन खरं सांगितलं असतं — नाव नाही. आणि तिला हवं होतं तसं तिला कुणी पुन्हा विचारलं नसतं. कासम काही परत आला नाही, कधीच नाही, तो मेलाच असणार. पण तिची वाट बघणं तिचं होतं. ते मी काढून घेतलं.

त्यानंतर एकदा ती गफूरच्या मुलीच्या लग्नाला जव्हारला आली. केस पिकले होते. बाजारात मला बघून थांबली. आसपास कुणी नव्हतं. सगळं सांगायला याहून बरी वेळ मिळाली नसती.

"रघुभाऊ," ती म्हणाली, "आधी मी नमाज झाली की तो परत यावा म्हणून दुआ मागायची. आता मेलेल्या माणसासाठी मागतात ती मागते. सुरुवातीला तोंडातून शब्द येईनात. आता सवय झाली." मग तिनं विचारलं, "त्या बागेत फुलं असतात का हो?"

"असतात," मी म्हणालो. "पुष्कळ असतात."