आगाशेंची खूण

शनिवार पेठेत, एका अरुंद जिन्याच्या वरच्या तीन खोल्यांत, मोजणी आणि आराखड्यांची एक लहानशी कंपनी होती. आसपासच्या गावांचे रस्ते, पाण्याच्या टाक्या, गटारं, सगळं आधी तिथे कागदावर उतरायचं. दिगंबर आगाशे तिथले सर्व्हेअर, आणि बावीस वर्षं त्यांच्या जोडीला वाघोलीचे सीताराम ओव्हाळ. आगाशे दुर्बिणीला डोळा लावायचे. सीताराम शंभरेक पावलांवर आकड्यांची उंच पट्टी धरून उभे राहायचे. दुर्बीण जुनी, तिच्यात माणूस उलटा दिसे.

"बावीस वर्षं तुम्हाला डोक्यावर उभं पाहतोय, सीताराम."

"तरी साहेब, एकदाबी पडलो न्हाई."

एवढ्या लांबून हाक पोचत नसे, म्हणून दोघांचं बोलणं हाताच्या खुणांनी चाले. दुपारी डबा मात्र एकत्र.

दोन हजार एक साली खराडीकडे कॉम्प्युटरवाल्यांच्या इमारती उठायला लागल्या होत्या, आणि नगर रस्त्याच्या एका तुकड्याची मोजणी कंपनीकडे आली. थंडीतली सकाळ होती. पट्टीच्या आड बाभळीची फांदी येत होती. आगाशेंनी हात लांब केला: रस्त्याकडे सरका. सीताराम पाऊलभर सरकले. फांदी अजून आडवीच. आगाशेंनी पुन्हा हात केला. सीतारामांनी दुसरं पाऊल डांबरावर टाकलं. भिंगात आकडा स्वच्छ आला. आगाशे तो वाचत असतानाच पट्टी भिंगातून नाहीशी झाली. आवाज त्यानंतर आला.

ट्रकवाल्याचा ताबा सुटला, सीताराम जागीच गेले, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. आगाशेंनी सही केली. त्यात खोटं काही नव्हतं. खुणेबद्दल कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मग ते दर रविवारी वाघोलीला जाऊ लागले. सीतारामांची मुलगी कल्याणी बारावीला होती. तिचं गणित घेत. तिची आई ललितावहिनी चहा करून समोर ठेवत आणि भिंतीशी टेकून बसत. पुढच्या वर्षी कल्याणीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. त्या रविवारी ललितावहिनी पहिल्यांदाच मोकळेपणी नवऱ्याबद्दल बोलल्या.

"ते म्हणायचे, साहेबांचा हात दिसला की मला दुसरीकडं बघावं लागत न्हाई."

आगाशेंनी कप खाली ठेवला.

"वहिनी, मीच त्यांना रस्त्यावर घेतलं. हाताने. दोनदा."

आत कल्याणीने भांडी घासणं थांबवलं.

"इतके महिने माझ्या हातचा चहा घेतलात तुमी," वहिनी म्हणाल्या. "आता येत जाऊ नका."

आगाशे उठले. चप्पल घालताना त्यांना तिचा अंगठा सापडेना.

त्या रात्री त्यांनी बायकोला, हेमाताईंना, सगळं सांगितलं. ऑफिसात नकाशांचं टेबल मागून घेतलं आणि निवृत्त होईपर्यंत ते दुर्बिणीपाशी गेले नाहीत. कंपनीच्या मालकांनी कारण विचारलं तेव्हा आगाशे म्हणाले, "डोळे." चष्म्याचा नंबर होता तोच होता.

पाच-सहा वर्षांनी कल्याणीच्या लग्नाची पत्रिका आली. ती आता खराडीतच एका कंपनीत होती. पत्रिकेवर पत्ता ललितावहिनींच्या अक्षरात होता, आणि नाव आगाशे आणि हेमाताई दोघांचं.

"अहो, चला," हेमाताई म्हणाल्या.

"तू जाऊन ये."

त्या एकट्या गेल्या. दुपारी तीनला परत आल्या. आगाशे दार उघडून तसेच उभे राहिले.

"वहिनींनी तुमचं विचारलं," हेमाताई म्हणाल्या.

"काय सांगितलंस?"

"गुडघे दुखतात म्हटलं."

"मग?"

"म्हणाल्या, आधी सांगितलं असतं तर गाडी पाठवली असती."

आगाशेंचे गुडघे ठणठणीत होते. हेमाताई साडी बदलायला आत गेल्या. त्या बाहेर आल्या तेव्हाही आगाशे दाराशीच उभे होते, आणि दार उघडंच होतं.