वेणूबाईची पहिली हरकत

वेलखारच्या मासळी बाजारात वडाकडून पहिली जागा रंगूची आणि दुसरी वेणूबाईची. मध्ये एक दगड. तो दगड आपल्या बाजूला सरकला, असं दोघीही रोज म्हणतात, आणि त्यावरून लागलेलं भांडण बोंबील संपेपर्यंत चालतं. त्यांच्या सासवाही याच दगडावरून भांडायच्या. या बाजारात जागा सासूकडून सुनेकडे येते, आणि जागेबरोबर शेजारीणही येते.

पण बाजाराची एक रीत आहे. शेजारीण उठून गेली, मग ती दवाखान्यात जावो की लग्नाला, तिची पाटी आपल्याकडे ओढून घ्यायची आणि आधी तिची मासळी विकायची, मग आपली. तोंडाने काय हवं ते बोलावं, पाटीला खोट येऊ द्यायची नाही.

बाजार म्हणायचा, पण आहे ती रस्त्याची कड. वर निळी ताडपत्री. तिला भोक पडलं की पाऊस नेमका बर्फावर गळतो आणि ऊन नेमकं पापलेटावर पडतं. वेणूबाईची सासू अशीच बसली, वेणूबाईही अशीच बसली. आता तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि जागा सुनेच्या, सोनलच्या, हवाली करायची वेळ आली होती. पण तिने मनाशी एक धरलं होतं. जागा द्यायची ती पक्क्या छपराखालची द्यायची. सुनेने तरी कोरडं बसावं.

म्हणून नगरपरिषदेने नव्या बाजाराचा आराखडा लावला, त्या दिवशी वेणूबाईने मांदेली तळून आळीत वाटली. जरा घाईच झाली. कारण त्यानंतर सुनावणी आली.

सुनावणी नेहमी अकराला. म्हणजे ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला. त्यामुळे अकराला ज्यांना काही काम नसतं, त्यांचीच तिथे गर्दी. मासळीवाल्यांपैकी एकटी वेणूबाई जायची. पाटी रंगूकडे सरकवायची, हात धुवायची, पदर खोचून निघायची.

पहिल्या सुनावणीला समुद्राकडच्या बंगलेवाल्यांची संस्था आली. बाजार पक्का झाला की वास पक्का होईल, असं त्यांचं म्हणणं. बोलणाऱ्या मॅडम आदल्याच शनिवारी वेणूबाईशी घासाघीस करून सुरमई घेऊन गेल्या होत्या.

"मॅडम, सुरमई कशी लागली?" वेणूबाईने मागून विचारलं.

"छान होती हो, अगदी ताजी."

"मग वास कुठला येतो?"

सभागृह हसलं, मॅडमही हसल्या, पण हरकत कागदावर राहिली आणि पुढची तारीख पडली.

पुढच्या तारखेला रिक्षा संघटना आली. बाजार झाला तर त्यांचा स्टँड जाणार. पुन्हा तारीख. मग व्यापारी मंडळाचा केतनशेठ उभा राहिला. खाली दुकानं काढा आणि मासळी वरच्या मजल्यावर न्या, अशी त्याची सूचना.

"मासळी काय जिन्यानं चढवू?" वेणूबाई म्हणाली.

"लिफ्ट असेल ना, मावशी."

"लायटी गेल्या म्हंजे? बांगडं मधेच लटकतील, आनि गिऱ्हाईक खाली."

तीही तारीख गेली. मध्ये निवडणुका आल्या, मुख्याधिकारी बदलले, आराखडा पुन्हा पहिल्यापासून वाचला गेला. दर वेळी वेणूबाई हात हलवत परत यायची आणि रंगू दुरूनच विचारायची, "आनलंस का छप्पर? ठेव हितं दगडावर." मग कमरेची चंची काढून तिच्या मासळीचे पैसे तिच्या पुढ्यात टाकायची. वेणूबाई म्हणायची, "कोळंबी सस्ती घातलीस." रंगू म्हणायची, "बसायचं हुतंस मग पाटीवर." इथून पुढे दगडाचा विषय निघायचा.

नव्या मुख्याधिकारी मॅडम मात्र नेटाच्या निघाल्या. त्यांनी गटारं झाकून घेतली, रिक्षांना बाजारासमोर जागा दिली, दुकानं एका अंगाला काढली. सगळे थकलेही होते. शेवटी प्रश्न राहिला, ओटे कुणाला कुठले द्यायचे.

"चिठ्ठ्या टाका," केतनशेठ म्हणाला. "कुणाची तक्रार नको."

मॅडमनी वेणूबाईकडे पाहिलं. "मावशी, चालेल ना?"

वेणूबाईच्या डोळ्यांपुढे छपराचे पत्रे चमकत होते. "चालंल, चालंल. घाला एकदाचं छप्पर."

एवढ्या सुनावण्यांत पहिल्यांदाच कुणाची हरकत निघाली नाही. पुढच्या बैठकीत चिठ्ठ्या काढायच्या ठरल्या. वेणूबाई जवळजवळ नाचतच बाजारात आली आणि तिने सगळं सांगितलं. सोनल सासूसाठी डबा घेऊन आली होती.

"आये, चिठ्ठीत तुझा ओटा एका टोकाला आला नि रंगूमावशीचा दुसऱ्या टोकाला, तर गो?"

वेणूबाईने डबा बाजूला ठेवला. मग रंगूला ऐकू जाईल असं म्हणाली, "तर काय? सुटले म्हनायचं."

रंगूने मान वर केली नाही. माशा वारत राहिली.

दुसऱ्या दिवशीही ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वेणूबाईने पायाच्या अंगठ्याने दगड हळूच रंगूच्या बाजूला ढकलला. रंगूने पाहिलं. आपला पाट जरा बाजूला घेतला आणि गिऱ्हाइकाला मांदेलीचा भाव सांगितला. वेणूबाईने त्या दिवशी भाकरी तशीच ठेवली. इतकी वर्षं आपण छपरासाठी सुनावण्यांना गेलो, ते कुणाच्या जिवावर, हे तिला तेव्हा उमगलं. ओट्यावर छप्पर असेल, नळ असेल, पण उठून जाताना पाटी सरकवायची कुणाकडे? आणि सोनलने कुणाकडे सरकवायची?

चिठ्ठ्यांच्या दिवशी ती सकाळपासून बायकांच्या कानाला लागली. सगळ्याच अस्वस्थ होत्या, पण बोलायची कुणी नव्हती. अकराला दर दोघींतली एक उठली आणि दुसरीने तिची पाटी ओढून घेतली. वेणूबाईने आपली पाटी सरकवली, तेव्हा रंगूने न बोलता ती जवळ घेतली.

सभागृहात चिठ्ठ्यांचा डबा टेबलावर आला होता. वेणूबाई उभी राहिली. एवढ्या वर्षांत प्रत्येक हरकतवाल्याला मनातून शिव्या दिलेली ती बाई म्हणाली, "मॅडम, माजी हरकत हाय."

केतनशेठने डोक्याला हात लावला. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मावशी, तुम्हीसुद्धा? आता हरकत घेतली तर पुन्हा तारीख द्यावी लागेल. पावसाळ्याआधी काम सुरू होणार नाही."

वेणूबाईला पत्रेही दिसले आणि ताडपत्रीही दिसली. "तारीख नको," ती म्हणाली. "आमी बसतो तशाच बसू दे, म्हंजे झालं."

"पण कोण कुठे बसतं, हे मी कशावरून ठरवू? उद्या कुणी म्हणेल माझी जागा पुढे होती."

वेणूबाई मागे वळली. "बसा गो बायांनो."

खुर्च्या मागे सरल्या आणि बायका जमिनीवर बसल्या, बाजारात बसतात तशा. भिंतीकडचं टोक म्हणजे वड. कुणी कुणाला विचारलं नाही. एक रिकामी जागा, मग एक बाई, मग पुन्हा रिकामी जागा, मग पुन्हा एक बाई. वेणूबाई भिंतीपाशी एक जागा सोडून बसली आणि त्या जागेवर तिने आपली पिशवी ठेवली.

मॅडम खुर्ची सोडून पुढे आल्या. "मधल्या जागा रिकाम्या का?"

"त्या बाजारात हायत," वेणूबाई म्हणाली. "आमच्या पाट्यांवर. त्या तिथं हायत म्हनून आमी हितं हाव."

मॅडमनी रिकाम्या जागा एकेक करून मोजल्या. मग त्यांनी विचारलं, "कुणाची काही हरकत?" केतनशेठ म्हणाला, "शेठाणी रोज वेणूमावशीकडूनच मासळी घेते. मी हरकत घेतली तर घरात जेवायला मिळणार नाही." डबा न उघडताच कपाटात गेला.

वेणूबाई परत आली तेव्हा ऊन पापलेटावर आलं होतं आणि रंगू हातातल्या पुठ्ठ्याने दोन्ही पाट्यांवर सावली धरून होती.

"झालं का?" रंगूने विचारलं. चिठ्ठ्यांचा विषय निघाल्यापासूनचा वेणूबाईशी हा तिचा पहिला शब्द.

"झालं. नशिबी तूच हायस. हितं बी, तिथं बी."

रंगूने चंची काढली, पैसे तिच्या पुढ्यात टाकले आणि बराच वेळ एक बोंबील उगाच इकडून तिकडे केला.

"दगड मागं घे," मग ती म्हणाली. "माज्या बाजूला आलाय."

"न्हाय घेनार," वेणूबाई पाटावर टेकत म्हणाली. "जा सुनावनीला. हरकत घे."

"जाईन की," रंगू म्हणाली. "पाटी सांभाळशील ना?"