एकटा इलेक्ट्रॉन आणि तोताराम सर

तोताराम सर धुळ्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत नसत, लिहून देत. एका हातात वही, दुसऱ्यात तपकिरीची डबी. वाक्य संपलं की चिमूट, परिच्छेद संपला की शिंक. त्यांच्या नोट्स मुलं उतरवून घेत, पुढच्या वर्गाला देत, तो वर्ग त्याच्या पुढच्याला. नोट्समधलं वाक्य चुकू शकतं, असं कोणाच्या मनातही येत नसे. सरांच्या तर मुळीच नाही.

१९५२ साली सर द्रव्याच्या लहरींवर आले. बारीक स्फटिकांच्या पातळ थरातून इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, की पलीकडच्या काचेवर एकात एक कडी उमटतात. म्हणजे कण लाटेसारखाही वागतो. एवढं झाल्यावर वर्गातली एकुलती एक मुलगी, अमळनेरची सुनंदा, उभी राहिली.

"सर, एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडला तर?"

सरांना ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही म्हणणारा मास्तर खानदेशात अजून जन्माला यायचा होता.

"जत्रेत एकटाच माणूस गेला, तर धक्काबुक्की कोणाशी करणार? लाट गर्दीची असते. बस खाली."

वर्ग खो खो हसला. सरांना उत्तर इतकं आवडलं, की त्यांनी ते लगेच नोट्समध्ये घातलं.

बी.एस्सी. झाल्यावर सुनंदाने पुण्याला एम.एस्सी.साठी शिफारसपत्र मागितलं. सरांनी लिहिलं, 'मेहनती आहे. मूळ कल्पना कच्च्या.' पाकीट चिकटवून तिच्या हाती दिलं. पुढे ती शिरपूरला दिली, एवढंच कानावर आलं.

सात वर्षांनी एका जुन्या मासिकात सरांना तोच प्रयोग भेटला. झोत इतका मंद केलेला, की एका वेळी एकच इलेक्ट्रॉन जाईल. एकेकाचा एकेक ठिपका, कुठेही पडलेला. हजारो ठिपके साठल्यावर मात्र तीच कडी. लाट गर्दीची नव्हतीच, ज्याची त्याची होती. आणि इकडे सात वर्षं पोरं जत्रेची धक्काबुक्की पाठ करून पास होत होती.

रविवारी सर एसटीने शिरपूरला गेले. ओट्यावर सुनंदाची सासू झुंबरबाई शेंगा सोलत होती.

"कोन शे भाऊ?"

"तुमच्या सुनेचा मास्तर."

"मंग बसा. मास्तरले आम्ही हाकलत नही."

सुनंदा हात पुसत बाहेर आली. सरांनी बसमध्ये माफीचं भाषण घोकलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ.

"तुझा प्रश्न बरोबर होता. पत्रात मी खोटं लिहिलं."

"पाकीट मी वाफेवर उघडलं होतं, सर. तुम्ही लिहिलंय म्हणजे खरंच असेल, असं वाटलं. म्हणून पाठवलं नाही."

सरांनी डबी काढली, न उघडताच परत ठेवली. मग प्रयोग सांगितला. सुनंदा उभ्याउभ्याच ऐकत होती.

"ठिपका पडायच्या आधी तो इलेक्ट्रॉन असतो कुठे?" तिने विचारलं.

"मला ठाऊक नाही."

"मग कोणाला ठाऊक आहे?"

"मोठमोठी माणसं अजून त्यावर भांडताहेत."

"म्हणजे शोधायला जागा होती," सुनंदा म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.