कान ठेवायचा की काढायचा

मूर्ख माणसं मी माहेरी धुळ्यालाही पाहिली होती. पण वीतभर डब्याच्या पाठीला भोकं किती असावीत यावर एसीत बसून महिनाभर काथ्याकूट करणारी माणसं पाहायला मला सिल्वासालाच यावं लागलं.

डबा म्हणजे गेमचा डबा. आमची कंपनी तोवर रिमोट आणि सेट-टॉप बॉक्सची कव्हरं बनवायची. मग मालकांच्या डोक्यात आलं की आपल्या नावाचा गेम कन्सोल काढायचा, टीव्हीला लावायचा, स्वस्तातला. मी टेस्टिंगला होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे म्हणून मीटिंगला मलाही बोलवत. बोलवत म्हणजे काय, खुर्ची देत. बोललेलं ऐकायची पद्धत नव्हती.

भोकांना इंग्रजीत पोर्ट म्हणतात हे आमच्या असेंब्लीच्या मुलींनाही ठाऊक होतं, पण दिवसभर हातात घ्यायच्या वस्तूला कोण एवढ्या मानाने हाक मारणार. बहुतेक मुली खानदेशातल्या, तोंडाने फटकळ. नव्या टीव्हीची वायर जिथे जाते ते त्यांचं तोंड. जुन्या टीव्हीची लाल-पिवळी-पांढरी ती तिरंगी. पेन ड्राइव्हचं ते चपटं. आणि हेडफोन लावायचं गोल भोक म्हणजे कान. सगळं शेड असंच बोलायचं. पुढे आमचे प्रोजेक्टचे साहेबही तसंच बोलायला लागले, आणि आपण कामगारांत कसे मिसळलोय असा चेहरा करून बोलायला लागले.

हे साहेब पुण्याचे. शनिवारी दुपारी गाडी काढून पळायचे ते सोमवारी उगवायचे. सिल्वासात त्यांनी काय पाहिलं असेल तर कंपनीचं गेट आणि एक हॉटेल. पण इथल्या गिऱ्हाइकाला काय हवं हे त्यांना पाठ होतं. त्यांना तिरंगी काढायची होती, जुने टीव्ही आता राहिलेतच कुठे म्हणून. जवळच्या खानवेलचा एक दुकानदार मीटिंगला बोलावला होता. तो म्हणाला, तिरंगी नसेल तर मी एकही डबा ठेवणार नाही, माझ्याकडे जुनेच टीव्ही दुरुस्तीला येतात. झालं, तिरंगी राहिली. दुकानदाराचं ऐकलं, कारण तो माल घेणार होता.

मग एक भोक वाढवायचं ठरलं, नाव फ्युचर. त्यात आज काही जात नव्हतं. उद्या काय जाईल ते साहेबांनाही माहीत नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, व्हिजन लागतं." ज्यात काही जात नाही ते भोक ठेवायचं, त्याला हे व्हिजन म्हणत होते. आणि त्याच्यासाठी जागा आणि पैसे हवेत म्हणून कान काढायचा.

आता मला कानाचं एवढं काय पडलं होतं ते सांगते. आम्ही सिल्वासातच आमलीत राहतो, एक खोली आणि स्वयंपाकघर. नवरा यार्नच्या कंपनीत, कायम रात्रपाळीला. सकाळी येतो, जेवतो आणि टीव्हीच्या समोरच आडवा होतो, कारण आडवं व्हायला दुसरी जागा नाही. मुलगी तिसरीत, दुपारी शाळेतून घरी. पोरगी गुणाची आहे, टीव्ही लावते तो आवाज बंद करून. पण आमचा माणूस म्हणजे लोण्याचा गोळा. कूस बदलताना त्याला पोर मुकं चित्र बघत बसलेली दिसली की झालं. "लाव गं आवाज, मला कुठे झोप येतेय," म्हणतो आणि उठून तिच्याशेजारी बसतो. दोघं मिळून टीव्ही बघतात, आणि रात्री हा मशीनवर पेंगतो.

एकदा पेंगताना सुपरवायझरने धरलं. सुताच्या मशीनवर डुलकी लागली तर बोटं जायला वेळ लागत नाही. पुन्हा दिसलास तर गेटबाहेर, असं त्याने तोंडावर सांगितलं, आणि तो सांगतो तसं करतो. मी घरी येऊन नवऱ्याला फैलावर घेतलं. तो हसला. म्हणाला, "पोरीला काय गप्प बसवायचं का दिवसभर?"

आमच्या टीव्हीला हेडफोनची सोय नाही, आणि ब्लूटूथ तर त्याच्या खानदानात कुणी ऐकलं नव्हतं. म्हणून मला त्या डब्याला कान हवा होता. पोरीला ऐकू यावं आणि बापाला येऊ नये, एवढंच माझं मागणं. आमलीत अशी घरं गल्लीगल्लीत आहेत, तीन पाळ्या चालतात, कुणी ना कुणी झोपलेलं असतंच.

हे सगळं मी मीटिंगमध्ये सांगितलं. नवऱ्याचं नाव न घेता, आमच्याकडची कुटुंबं असं म्हणून. साहेबांनी मान हलवत ऐकलं आणि म्हणाले, "इंटरेस्टिंग. पण माझा भाचा वायरचा हेडफोन वापरतच नाही." भाचा कोथरूडला, त्याला स्वतःची खोली. एका भाच्यावरून सगळ्या मुलखाचा निकाल. मुंबईहून आलेला मार्केटिंगवाला लगेच म्हणाला, वायर म्हटलं की डाउनमार्केट वाटतं. त्याच्या गळ्यात तेव्हा चार्जरची वायर लोंबत होती. म्हटलं, उगाच दगडावर डोकं कशाला आपटा.

कान काढायचं ठरलं. आणि इथे आमच्या साहेबांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

प्लास्टिकच्या कव्हरला भोक कुठे पडायचं ते डायमधल्या, म्हणजे साच्यातल्या खुंट्यांवर ठरतं. खुंटी काढून बुजवली की ते भोक बंद. डायचं काम टूलरूममध्ये, ते पलीकडच्या शेडमध्ये, आणि तिथली सगळी माणसं वापी-दमणकडची, गुजराती बोलणारी. आमच्या मुलींनी ठेवलेली नावं तिकडे पोचलेली नव्हती. साहेबांनी मेल करायचा, ड्रॉइंग पाठवायचं, तर नाही, ऐटीत स्पीकरवर फोन लावला. मी समोरच उभी होते. म्हणाले, "वो पीछे का कान बंद कर दो."

गुजरातीत भोकाला काणुं म्हणतात. टूलरूमच्या मुख्य कारागिराने मशीनच्या आवाजात काणुं ऐकलं. पाठीमागे भोकं पाच, तेव्हा त्याने शहाण्या माणसाने विचारावं तेच विचारलं, "कयुं?" म्हणजे कोणतं. साहेबांना ते ऐकू आलं क्यों. त्यांचं नाक लाल झालं. "क्यों मतलब? मैंने बोला इसलिए," म्हणाले आणि फोन ठेवला. वर मला म्हणतात, "बघितलंत? इथे प्रत्येकाला कारण द्यावं लागतं."

मला तेव्हाच शंका आली होती. सांगणार होते, पण त्यांनी हाताने जा अशी खूण केली. गेले.

आठवड्याने कव्हरं आली. खोकीच्या खोकी. मी एक उचललं आणि उलटून पाठ बघितली. ध चा मा म्हणतात तो असा. टूलरूमने अंदाजाने सगळ्यात मोठं काणुं बंद केलं होतं, म्हणजे टीव्हीचं तोंड. कान जागच्या जागी, गोल, सुबक. फ्युचरही होतं. असा गेमचा डबा जो नव्या टीव्हीला लागतच नाही. असेंब्लीच्या मुली पोट धरून हसल्या. एक म्हणाली, तोंड बंद आणि कान उघडे, साहेबांनाच असं करून आणा.

साहेबांनी दोष कुणाला दिला असेल? भाषेला. इथे कुणाला धड एक भाषा येत नाही, असं मालकांना सांगितलं. नाचता येईना, अंगण वाकडं. मग कारागिरांना बसवून एकेका कव्हराला टीव्हीचं भोक हाताने पाडून घेतलं. कानाचं काय करायचं हा प्रश्न आला, तेव्हा माझ्या मनात जरा आशा जागी झाली, खोटं कशाला बोलू. भोक तर पडलेलंच आहे, आता आत माल बसवतील. पण साहेबांनी कानाचा जोड आतल्या सर्किट बोर्डावरून आधीच उडवला होता, त्याची जागासुद्धा ठेवली नव्हती, नाहीतर मीच घरी सोल्डरिंगचा टाका मारला असता. आणि टूलरूमला पुन्हा फोन करायची त्यांची छाती नव्हती. म्हणाले, "भोक राहू द्या. हेडफोनची सोय दिसली की माल भारी वाटतो."

असा तो डबा बाजारात गेला. कान आहे, पण नुसतं भोक.

स्टाफला एकेक सेट घरी दिला, वापरून सांगा म्हणून. मी आणला आणि कपाटावर ठेवून दिला. पोरीला मी केव्हाची सांगत होते की याला हेडफोन लागणार, तिने आमलीच्या बाजारातून बापाकडून हेडफोन घेऊनही ठेवला होता. तिला खरं काय ते सांगून टाकलं. ती हूं म्हणाली.

रविवारी दुपारी मी भाकऱ्या थापत होते. नवरा रात्रपाळी करून आलेला, बाहेरच्या खोलीत झोपलेला. घर फारच शांत वाटलं म्हणून डोकावले, तर पोरगी गेम खेळत बसलेली. टीव्ही मुका, डोक्यावर हेडफोन, आणि वायर डब्याच्या कानात खोचलेली. त्या गेममध्ये माकड डोंगर चढतं आणि वरून दगड येतो. दगडाच्या आधी शिट्टी वाजते, ती ऐकून बाजूला व्हायचं. टेस्टिंगला तो गेम मी इतका खेळलेय की मला तो डोळे मिटून येतो. पोरगी दर वेळी दगडाखाली सापडत होती आणि पुन्हा पहिल्यापासून चढत होती.

मी पिठाच्या हातांनी तिच्याजवळ बसले. हेडफोन जरा उचलला आणि हळूच म्हटलं, "अगं, सांगितलं ना, त्यात काही नाही. नुसतं भोक आहे."

"माहितीये," ती कुजबुजली. "पण बाबांना नाही माहीत."

तेवढ्यात नवऱ्याने कूस बदलली. डोळा किलकिला करून पोरीकडे बघितलं, वायर बघितली. "येतंय ऐकू?" त्याने विचारलं. पोरीने मान डोलवली, गाण्यावर डोलवतात तशी. त्याला बरं वाटलं. भिंतीकडे तोंड केलं आणि लगेच घोरायला लागला. मला रडूही आलं आणि त्या पुण्याच्या माणसाचा असा संताप आला की तव्यावरची भाकरी करपली तरी मी उठले नाही.

सोमवारी साहेब स्टाफचे अभिप्राय घेत फिरत होते. माझ्या टेबलाशी थांबले. "काय मॅडम, घरी कसा वाटला सेट?"

मी म्हटलं, "नवऱ्याला झोप लागली."

"बघा," ते म्हणाले, "आणि तुम्ही कानासाठी भांडत होतात."